चौथ्या नंबरवर चालणारा ब्लोअर आणि 11,800 रुपयांची चिठ्ठी

मागच्या जुलैत आईला घेऊन ताम्हिणी घाटातून माणगावला चालले होते. गाडी बाबांची, 2004 सालची. घाटात काचेवर आतून वाफ धरली आणि समोरचं दिसेना. हीटरचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, एक, दोन, तीन नंबरच्या वेगावर ठप्प, फक्त चौथ्यावर चालत होता. आई सगळा रस्ता रुमालाने काच पुसत होती.

पुण्यात परतल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेले आणि हेच सांगितलं, फक्त चौथ्यावर चालतो. तो म्हणाला, "गाडी ठेवून जा मॅडम, डॅशबोर्ड खोलावा लागेल." संध्याकाळी फोन आला, "अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळलंय, मोटरही गेलीय. अशीच चालवलीत तर गाडी पेट घेईल." आई रोज त्या गाडीत बसते. मी घाबरले आणि हो म्हणाले. दोन दिवसांनी त्याने जळक्या वायरींचा एक झुपका दाखवला. हार्नेस 6,500, मोटर 3,800, मजुरी 1,500. पैसे आईने तिच्या पेन्शनमधून दिले, याचा मला अजून त्रास होतो.

डिसेंबरात पुन्हा तेच. या वेळी नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानदाराने एका वयस्कर वायरमनकाकांकडे पाठवलं. काकांनी मला शेजारी उभं केलं, ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि दोन स्क्रू काढून रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा वेग कमी करणारा छोटा पार्ट, हातात दिला. आतली तार तुटलेली, कपलरची, म्हणजे त्याला वायरी जोडणाऱ्या प्लगची, एक पिन करपलेली. मग त्यांनी आत टॉर्च मारला. "ताई, हार्नेसला कुणी हातच लावलेला नाही. टेप कंपनीचीच आहे, वर धूळ बघा किती." मोटरही जुनीच होती, पंख्यात वाळका पाला अडकलेला. म्हणजे जुलैत फक्त कुठल्या तरी गाडीतला वापरलेला रेझिस्टर बसवला होता.

त्यांनी समजावलं ते नीट सांगते, कारण हे आधी माहीत असतं तर मी फसले नसते. अशा साध्या ब्लोअरमध्ये पहिल्या तीन वेगांना करंट रेझिस्टरमधून जातो, चौथ्याला रेझिस्टर टाळून थेट मोटरला मिळतो. चौथ्यावर पंखा फिरतोय म्हणजे फ्यूज, मोटर आणि अर्थिंग चालू आहे. आधी रेझिस्टर आणि त्याचा कपलर बघायचा, मग स्विच. पाला अडकून मोटर जड फिरली की ती जास्त करंट ओढते, वर रेझिस्टरला गार करणारी हवाही कमी लागते, म्हणून रेझिस्टर पुन्हा जळतो. आणि पंखा चालतोय पण हवा गरम येत नाही, असं असेल तर हार्नेसचा खर्च लगेच मान्य करू नका. ऊब इंजिनातल्या गरम कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, असते. तिथे आधी कूलंटची पातळी आणि थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणारी झडप, बघायला सांगा.

कुणी वायरिंग जळलंय म्हटलं तर ती गाडीतच, जागेवर बघायला मागा. सुटा झुपका कुठल्याही गाडीचा असू शकतो. जुने पार्ट परत घ्या.

काकांकडे रेझिस्टर, कपलर, पंख्याची सफाई आणि मजुरी मिळून 970 रुपये झाले.

त्या गॅरेजात मी परत गेले. जुनी मोटर मागितली तर "भंगारात गेली" म्हणाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची ठरवून पर्स उघडली. पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं. हातात आली ती वहीच्या कागदाची चिठ्ठी, तीन आकडे आणि खाली बेरीज. गॅरेजचं नाव नाही, तारीख नाही, सही नाही.