कॉइलच्या डागडुजीसाठी सुपर ग्लू, इपॉक्सी की साधे झाकण?

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, बेंडिगोच्या आसपासच्या जुन्या सोनखाणींच्या माळांवर मी सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. तिथली जमीन गारगोट्यांनी आणि लोहयुक्त खड्यांनी भरलेली आहे. लहान वस्तूकडून परतणारा संकेत अंतर वाढेल तसा, ढोबळमानाने अंतराच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात, क्षीण होत असल्यामुळे सोन्याचा बारीक कण हवा असेल तर कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या दांड्याच्या टोकाची, तारेचे वेटोळे असलेली प्लास्टिकची चकती, जमिनीला जवळजवळ घासतच न्यावी लागते. दोन हंगामांत माझ्या कॉइलचा तळ ओरखड्यांनी भरला आणि दांडा ज्या कानांत बोल्टने बसतो, त्यांतील एकाच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली.

चिरेसाठी सुपर ग्लू, म्हणजे घरी आपण सरसकट ज्याला फेविक्विक म्हणतो त्या जातीचा गोंद, मला पूर्ण पसंत पडला. पाण्यासारखा पातळ असल्याने तो फटीत आपोआप ओढला जातो आणि हवेतील ओलाव्याने पाहता पाहता घट्ट होतो. वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला की तो भाग तापून दगडासारखा कडक होतो आणि पॉलिश पेपरने घासून सारखा करता येतो. कवच एबीएस प्लास्टिकचे असल्याने जोड टिकला; पॉलिप्रॉपिलीनचे असते तर गोंदाने धरलेच नसते.

या यशाने हुरळून जाऊन मी साऱ्या तळावरच त्याचा थर दिला, हा मात्र निव्वळ आगाऊपणा होता. हा गोंद ताणाला चिवट असला तरी ठोक्याला ठिसूळ असतो, त्यामुळे तिसऱ्याच फेरीत त्याच्या खपल्या निघाल्या. शिवाय गोंदाच्या वाफेमुळे काळ्या कवचावर बुरशी आल्यासारखे पांढुरके डाग उमटले, ते वेगळेच.

तळासाठी दोन नळ्यांचा साधा इपॉक्सी सरस ठरला. खपल्या खरवडून, तळ स्पिरिटने पुसून मी पातळ थर दिला आणि दिवसभर त्याला हात लावला नाही. ओरखडे बुजले. तथापि कॉइल दांड्याच्या अगदी टोकाला असते, त्यामुळे तिथे वाढलेले थोडेसे वजनही तासाभरात मनगटाला जाणवते. पोलादाची भुकटी घातलेली इपॉक्सी पुटी मात्र कटाक्षाने टाळावी, कारण ती कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातच ढवळाढवळ करते.

एवढ्या खटाटोपानंतर मी आता तळाला बसणारे प्लास्टिकचे झाकणच वापरतो. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर अंतर वाढते, पण झिजले की ते बदलता येते. ते गोंदाने कायमचे चिकटवू नये. कडेने आत शिरलेली लोहयुक्त माती कॉइल फिरवताना खोटे आवाज करते आणि ती झटकण्यासाठी झाकण निघायलाच हवे. म्हणून कडेला फक्त इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळावी.