पासष्टीनंतरची गाडी: एडासवाली की नॉबवाली?

जुनी गाडी काढायची ठरली तेव्हा शेवटी माझ्यापुढे दोनच गाड्या उरल्या. एक एडासवाली, म्हणजे चालवताना चालकाला मदत करणारी यंत्रणा असलेली: काचेमागे कॅमेरा, पुढे रडार, लेन सोडली की स्टिअरिंग ओढणारी, डॅशबोर्डवर छोट्या टीव्हीएवढा टचस्क्रीन. दुसरी तिच्यापेक्षा एक पायरी खालची: ऑटोमॅटिक, सहा एअरबॅग, मागचा कॅमेरा आणि एसीला तीन गोल नॉब. मायलेज, डिकी, वॉरंटी शोरूमवाला सांगेलच. मी सांगतो ते वयाच्या 66 व्या वर्षी, बायफोकल चष्मा लावून, फोंडा-पणजी रस्त्यावर काय अनुभवलं ते.

एडासवाली माझी नव्हती. मेहुणा ऐन जुलैत तीन आठवडे मुलाकडे पुण्याला गेला आणि जाताना, ‘‘भावोजी, उभी राहून बॅटरी उतरेल, तुम्ही फिरवत जा,’’ म्हणून चावी देऊन गेला. म्हणजे मी ती फुकटात वापरली. फुकटच्या गाडीला नावं ठेवणं सोपं असतं, तेवढं वजा करून वाचा.

आधी तिचं चांगलं. मंगेशीजवळ मिनीबस थांबली होती आणि तिच्या पुढून एक स्कूटर सरळ आडवी आली. माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडीनेच ब्रेक मारला. बायकोच्या मांडीवरची फुलांची पुडी खाली सांडली, बाकी काही नाही. तरुणपणी तो ब्रेक मीच मारला असता की नाही, यावर मी बऱ्याचदा विचार केलाय. उत्तर काहीही असलं तरी ब्रेक तिने मारला, हे तिच्या खात्यात जमा. नव्या झुआरी पुलावर पुढच्या गाडीचं अंतर धरून ती आपसूक चालते, तेव्हाही पायाला खरंच आराम मिळतो.

पण रोजचा रस्ता झुआरी पुलासारखा नसतो. भोमच्या आसपास पांढरी पट्टी कुठे आहे, कुठे नाही, कुठे जुनी-नवी दोन्ही. खड्डा चुकवायला जरा उजवीकडे घेतली की स्टिअरिंग हलकेच परत खड्ड्याच्या दिशेने ओढायचं. इंडिकेटर दिला तर ओढत नाही. पण खड्ड्यासाठी इंडिकेटर देणारा माणूस गोव्यात मला अजून भेटायचाय. ही ओढाओढ बंद करता येते. फक्त त्या गाडीत इंजिन पुन्हा सुरू केलं की ती पुन्हा चालू, म्हणजे रोज सकाळी देवपूजेसारखं आधी स्क्रीनमध्ये जाऊन ते बंद करायचं. आणि रायबंदरहून चोडणला फेरीबोटीत चढवली तेव्हा तर चारही बाजूंचे सेन्सर एकदम ओरडायला लागले. बोटीवरचा माणूस ‘‘फुडें, फुडें’’ करतोय, गाडी म्हणतेय थांब. अशा वेळी माणसाचं ऐकावं एवढं मला कळतं, पण हात थरथरायचा तो थरथरलाच.

तरीही एवढ्यावरून मी तिला नाही म्हटलं नसतं. सवय झाली असती. मी अडलो वाफेवर.

जुलैतली संध्याकाळ, पणजीहून परतीची वाट, जुने गोवे मागे पडलंय, पाऊस धो धो. मागच्या सीटवर दोन ओल्या छत्र्या, गाडीत तीन माणसं. बाणस्तारी पुलाच्या अलीकडे काच खालून वर पांढरी होत आली. पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हे नवं नाही. वाफ आतली की बाहेरची, हे काचेला बोट लावून बघायचं. बाहेरची असेल तर वायपर मारून एसीची थंडी जरा कमी करायची, आतली असेल तर एसी चालू ठेवून वारा काचेवर घ्यायचा आणि बाहेरची हवा आत सोडायची. दोन नॉब, दोन सेकंद. माझा हात तीस वर्षं हे न बघता करत आलाय.

त्या गाडीत हे सगळं स्क्रीनच्या आत होतं. आधी नकाशा घालवायचा, मग पंख्याचं चित्र, मग त्यातून काचेचं चित्र. आणि इथे चष्मा आडवा येतो. बायफोकलच्या वरच्या भागातून रस्ता दिसतो, खालच्या भागातून हातातलं वर्तमानपत्र. स्क्रीन असतो या दोहोंच्या मध्ये, हातभर अंतरावर. तिथलं ना वरून धड दिसत ना खालून. मान मागे टाकून, हनुवटी वर करून मी ते चित्र शोधत होतो, आणि समोरच्या ट्रकचे लाल दिवे पांढऱ्या काचेत विरघळत होते. बोट ओलं असल्यामुळे पहिल्यांदा दाबलेलं लागलंच नाही. दुसऱ्यांदा रेडिओ लागला. बोलून आज्ञा द्यायची सोय होती, पण तिला हिंदी-इंग्रजीच कळायचं, आणि घाबरलेल्या माणसाला हिंदी लवकर सुचत नाही. शेवटी बायकोने पदराने काच पुसली.

युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर यांना खरीखुरी बटणं असावीत असा आग्रह धरलाय. एसीचं नाव त्या यादीत नाही. तिकडे कोकणातला जुलै नसतो, दुसरं काय!

अर्थात प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे दूरचं, मधलं, जवळचं एकाच काचेतून सलग दाखवणारा, असेल तर हा त्रास कमी होईल. मला तो चष्मा जिना उतरताना जमला नाही, म्हणून मी बायफोकलवरच राहिलो. तुमचं वेगळं असू शकतं.

नॉबवाली घेऊन आता वर्ष होत आलं. तिच्याही तक्रारी आहेत. रात्री रस्त्यात काही आडवं आलं तर ती स्वतःहून ब्रेक मारत नाही, मलाच मारावा लागतो. म्हणून पावसाळ्यात सातनंतर मी गाडी काढत नाही. मेहुणा काढतो. ‘‘गाडी बघते ना,’’ म्हणतो. त्याचं हे वाक्य मला त्या गाडीपेक्षा जास्त खटकतं. मोतीबिंदूमुळे त्याने रात्रीचं चालवणं सोडलं होतं, आणि ते शहाणपणाचं होतं. ऑपरेशनला त्याने अजून तारीख घेतलेली नाही. फक्त गाडी नवी आली.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. मागच्या कॅमेऱ्याने माझी मान वळवायची सवय मोडली. एकदा अंगणात रिव्हर्स घेताना बायकोने बोनेटवर थाप मारली, कारण कॅमेऱ्यावर चिखल होता आणि मागे शेजारची सायकल. तेव्हापासून आधी आरसे, मग मान, मग कॅमेरा. मान दुखते, पण वळते.

तुमचं रोजचं चालवणं मुख्यतः हायवेवर असेल, किंवा महिन्यातून दोनदा पुणे-बेळगाव होत असेल, तर एडासवालीचाच विचार करा. तो मंगेशीचा ब्रेक मी विसरलेलो नाही. काचेला खडा लागून काच बदलावी लागली तर तिचा कॅमेराही पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च आधी विचारून ठेवा. पण गावातल्या गावात, देवळात, बाजारात, नातवाच्या शाळेपर्यंत असेल, तर मी आपला नॉबच्या बाजूचा.

पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच नवा होतो, म्हणजे गाडी घेताना आपण फार तर दोन-तीन नूतनीकरणांचा हिशेब करत असतो. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह नीट घ्या. शोरूमवाले ती सकाळी अकराला, कोरड्या रस्त्यावर देतात. तुम्ही पावसात, दिवेलागणीला मागा. नेहमीचा चष्मा लावा, मागे एक ओली छत्री ठेवा, आणि सेल्समनला म्हणा, काहीही सांगू नकोस, काचेवरची वाफ मी घालवतो.