तंबूची साठवण: सुती पिशवी आणि बंद डबा, बडोद्यातले आठ महिने

आधी निकाल. पावसाळ्यात रबरी पट्टीचा घट्ट डबा आणि त्यात सिलिका जेल, बाकीचे महिने सैल सुती पिशवी. बडोद्याच्या हवेला ही दुहेरी व्यवस्था लागते. तंबूबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा बारा महिने सुती पिशवीच सांगितलेली असते. कोरड्या हवेच्या गावाला ती पुरेल, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पुरत नाही.

ज्यावरून हे लिहितो आहे ती तुलना साधी होती. दोन माणसांचे, दुहेरी कापडाचे, एकाच बनावटीचे दोन तंबू. बाहेरचं कापड पॉलिएस्टरचं, आतल्या बाजूने पाणी अडवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर. एक सुती पिशवीत घालून कपाटाच्या मधल्या फळीवर, दुसरा 60 लिटरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत 200 ग्रॅम सिलिका जेल. दोन्हींत एकेक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. जून ते जानेवारी.

असे स्वस्त मापक आकडा बरेचदा चुकवतात, म्हणून वापरण्याआधी पारखून घ्यावेत. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घालून त्यावर ओला चिखल होईल एवढंच पाणी टाकायचं, मीठ विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवायचं. आकडा 75 टक्के यायला हवा. 70 दाखवला तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवून वाचायचं.

जुलैच्या मध्यापासून खोलीत 80 ते 88 टक्के आर्द्रता होती आणि सुती पिशवीत दुसऱ्याच दिवशी तेवढीच. सूत हवा आत-बाहेर जाऊ देतं, तोच त्याचा गुण, आणि पावसाळ्यात तोच आड येतो. शिवाय सूत स्वतः ओल धरतं. 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ते वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास पाणी बाळगतं. नायलॉन 4 टक्के, पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. डब्यातला आकडा मात्र पूर्ण पावसाळा 36 ते 45 च्या मध्ये राहिला. बुरशीला साधारण 70 टक्क्यांच्या वरची हवा बरेच दिवस सलग मिळाली की ती धरते, म्हणजे पिशवीतल्या तंबूला अशी हवा दोन महिने मिळत होती.

ऑगस्टच्या मध्याला पिशवीतल्या तंबूला कुबट वास आला. कापड बाहेरून स्वच्छ दिसत होतं. आतल्या तंबूचा कोपरा उलटा करून उजेडात धरला तेव्हा दिसलं: तळाचं जाड कापड, भिंतीचं पातळ कापड आणि खांबाची चपटी पट्टी ज्या शिवणीत एकत्र येतात, तिथे दोऱ्याच्या टाक्यांलगत मोहरीपेक्षा बारीक राखाडी ठिपके, चारपैकी दोन कोपऱ्यांत. तिथे कापडाचे चार-पाच पदर असतात, पट्टीच्या विणीत बारीक माती अडकते आणि बोट आत पोचत नाही. पॉलिएस्टर हे बुरशीचं खाद्य नव्हे. ती जगते घामाचं तेल, सांडलेला चहा, गवताचे तुकडे, पराग आणि माती यांवर. म्हणून कोपरे, चेनची कापडी पट्टी, दोऱ्यांच्या गाठी आणि जाळीचा छोटा खिसा या चार जागा आधी बघाव्यात. खिशात हमखास बिस्किटाचा चुरा निघतो.

आता वाळवण. सगळं यावर अवलंबून आहे, आणि इथेच घाई होते. जांबुघोडा किंवा पावागढच्या पायथ्याकडून आणलेला तंबू काळ्या मातीने माखलेला असतो. ती माती ओली असताना पुसली की विणीत शिरते. आधी सुकू द्यावी, मऊ ब्रशने झटकावी आणि उरलेला डाग साध्या पाण्याने स्पंजने टिपावा. गरज पडली तरच सौम्य साबणाचे थेंब. कपड्यांची पावडर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री, तिन्ही वर्ज्य; पीयूचा थर आणि शिवणीवरची चिकटपट्टी यांनीच सुटते.

अगाशीत तंबू उभा करून वाळवणं सर्वांत उत्तम, पण सावलीत किंवा सकाळच्या कोवळ्या उन्हात. दुपारभर तापत ठेवला की अतिनील किरणांनी कापडाचा जोर जातो, नायलॉनचा तर लवकर. पावसाळ्यात घरातच दोऱ्या बांधाव्या लागतात. बाहेरचं कापड आणि आतला तंबू वेगवेगळे टांगायचे, पंखा पूर्ण, दोन-तीन तासांनी उलटसुलट, आतला तंबू एकदा तरी उलटा करून.

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं, असं धरू नये. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा याचं उत्तर देतो. मे महिन्यात, कडकडीत कोरड्या दिवसांत, खांब-खुंट्या वगळून नुसत्या कापडाचं वजन करून चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. इथे ते 1,840 ग्रॅम होतं. पावसात भिजून आल्यावर त्याच तंबूचं 2,410 झालं. रात्रभर पंख्याखाली ठेवल्यावर सकाळी सगळं हाताला कोरडं होतं, आणि काटा 1,892 दाखवत होता. हे 52 ग्रॅम पाणी पट्ट्यांत, चेनच्या कापडात आणि शिवणींत दडलेलं होतं. मग दार बंद करून दोन तास एसी ‘ड्राय’वर चालवला, खोलीची आर्द्रता 52 पर्यंत उतरली आणि वजन 1,851 वर आलं. मूळ वजनाच्या 15 ग्रॅमच्या आत आलं की त्याच खोलीत, एसी बंद करण्याआधी, घडी घालून डब्यात बंद करायचं. नायलॉनचा तंबू असेल तर ही सूट तिप्पट-चौपट धरावी, कारण ते कापड हवेतूनच पाणी घेतं.

हे 52 ग्रॅम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तीस अंशांच्या, 80 टक्के दमट हवेने भरलेल्या 60 लिटरच्या डब्यात वाफेचं पाणी असतं जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे डब्यातल्या हवेची काळजी करायचं कारण नाही, काळजी कापडातल्या पाण्याची. आर्द्रता 40 च्या आसपास राखायची तर 200 ग्रॅम सिलिका जेल साधारण 40 ग्रॅम पाणी पिऊ शकतं. वरच्यासारखा ‘हाताला कोरडा’ तंबू आत ठेवला तर जेल काही दिवसांतच तृप्त होईल, आणि घट्ट डब्यात ओला तंबू म्हणजे सुती पिशवीपेक्षाही वाईट अवस्था. आपल्याकडे वर्षाचे गहू उन्हात वाळवून, एरंडेल लावून मग कोठीत भरतात. दमट गहू कोठीत घातले तर काय होतं ते प्रत्येक घराला माहीत आहे. इथेही तोच न्याय.

जेल संत्रा रंगाचं घ्यावं, ते ओल पिऊन हिरवं होतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते घरात नको. हिरवे झालेले दाणे ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास ठेवले की परत संत्रा होतात. जास्त तापले तर रंग काळपट होऊन खूण कायमची जाते. त्यासाठी वेगळं ताट ठेवावं, खाण्याच्या भांड्यात करू नये. या पावसाळ्यात असं दोनदा करावं लागलं. दाणे सुती कापडाच्या पुरचुंडीत, घडीच्या वर. सुती पिशवीत मात्र जेल घालून काहीच साधत नाही, खोलीची हवा ते एक-दोन दिवसांत संपवते.

बाजारात मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे ओलशोषक डबे तंबूजवळ ठेवू नयेत. त्यात खारं पाणी साठतं, कलंडलं की चेन आणि खांबांच्या टोकांना गंज. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी असतात, बुरशीला त्या काही करत नाहीत आणि वास पुढच्या दहा मुक्कामांत झोपू देत नाही.

कुबट वासाशी एका दुसऱ्या वासाची गल्लत होते. बाहेरच्या कापडाची आतली बाजू चिकट लागत असेल, घडी उलगडताना चर्र आवाज येत असेल आणि ओकारीसारखा आंबट वास असेल, तर ती बुरशी नाही. पीयूचा थर पाण्याने आणि उष्णतेने विघटित होतो आहे. त्याला इलाज नाही, धुऊन उपयोग होत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. सिलिकॉनच्या थराला हा रोग नाही.

म्हणूनच जागा महत्त्वाची. वरच्या मजल्यावरचा, स्लॅबला चिकटलेला माळा मे महिन्यात भट्टी होतो, तिथे पीयू लवकर मरतो. तळमजल्याचं पार्किंग किंवा जिन्याखालची जागाही नको. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते शहराने पाहिलं आहे. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीचं कपाटही टाळावं. आतल्या खोलीतली, कमरेच्या उंचीची फळी चांगली.

ठिपके आलेच तर तंबू अगाशीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने झटकायचे. घरात झटकले तर बीजाणू कपाटभर पसरतात. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, स्पंजने लावून दहा मिनिटं, साध्या पाण्याने दोनदा धुणं आणि वर सांगितलं तसं वजन करून वाळवणं. वास जातो, काळा डाग बहुतेक राहतो. डाग काढायला ब्लीच वापरू नये, त्याने डाग फिका होतो आणि कापड कुजतं. इथे दोन कोपऱ्यांचे ठिपके फिके झाले, पुन्हा वाढले नाहीत.

डब्याबद्दल तक्रारी दोन. तो अर्धी फळी अडवतो, आणि त्यात तंबू दाबून बसवावा लागला तर घडीवर पीयूला भेगा पडतात, म्हणून डबा कापडाच्या दीडपट तरी मोठा हवा. महिन्यातून एकदा उघडून घडी वेगळ्या रेषांवर घालावी.

खांब डब्यात नकोत. घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आतल्या लवचीक दोरीवर ताण दोन्हीकडे सारखा वाटला जातो. खुंट्या लोखंडी असतील तर पुसून, वेगळ्या थैलीत. गंजाचा डाग बुरशीपेक्षा हट्टी.

दसऱ्यानंतर खोलीतला मापक सलग आठवडाभर 55 च्या खाली राहिला की डबा उघडून तंबू सुती पिशवीत. त्या पिशवीला उशीचा मोठा अभ्राही चालतो, किंवा मंगळबाजारातून मांजरपाट आणून शिवून घ्यावी. जेल काचेच्या बरणीत घट्ट बंद. हिवाळ्यातल्या मुक्कामांनंतर पहाटेच्या दवाने तंबू भिजलेला असतोच, तो अगाशीत वाळवताना एक जपावं: उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचा आठवडा काचेचा मांजा कठड्यांवर, तारांवर लोंबत असतो. वाऱ्याने फडफडणारं कापड त्यावर घासलं की सुरीने कापल्यासारखी चीर पडते. तेवढे दिवस घरातच, पंख्याखाली.