लघवी निसटण्यावर फिजिओथेरपी: सांगलीतले बारा आठवडे

दोन वर्षं मी रोज सकाळ-संध्याकाळ केगेलचे व्यायाम, म्हणजे लघवी अडवणारे स्नायू आवळण्याचे व्यायाम, करत होते आणि दोन्ही वर्षं ते उलटे करत होते. सांगलीतल्या फिजिओथेरपी केंद्रात पहिल्याच दिवशी हे कळलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी ५४ वर्षांची, हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, धाकटा पावणेचार किलोचा. त्याच्यानंतर शिंकताना, खोकताना, मोठ्यानं हसताना थोडी लघवी निसटायची. पाळी गेल्यावर दुसरं दुखणं मागं लागलं. शाळेतून येऊन घराच्या कुलपात किल्ली घातली की अशी लागायची की मोरीपर्यंत पोचेन की नाही याचा भरवसा नसायचा. पहिल्याला, म्हणजे जोर पडला की निसटण्याला, डॉक्टर स्ट्रेस म्हणतात, दुसऱ्याला, म्हणजे अचानक अनावर लागण्याला, अर्ज (इंग्रजीतला urge). मला दोन्ही. साडी गडद रंगाची, पर्समध्ये पॅड, आणि सकाळी अकरापासून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा घोट नाही. शाळेत नोकरी करणाऱ्या बायकांना यातलं काहीच नवीन वाटणार नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, लघवी आणि साखर तपासून घेतली. जंतुसंसर्ग नाही, साखर नाही. मग एक छापील कागद हातात दिला: केगेल व्यायाम करा. मी मोबाइलवर बघून करू लागले, लघवी करता करता मध्येच धार अडवायचीसुद्धा. ते करायचं नसतं हेही नंतर कळलं. अडवायला जमतंय का एवढं एखाद्या वेळी बघावं, रोजचा व्यायाम म्हणून नाही. कागद देणाऱ्याला दोष देत नाही, पण कागदाला माझे स्नायू कुठे ओढले जातात ते दिसत नव्हतं. मध्यंतरी दुसऱ्या एका ठिकाणी स्नायूंना वीज देणाऱ्या मशीनच्या दहा बैठकांचं पंधरा हजारांचं पॅकेज सांगितलं गेलं. तेवढे पैसे नव्हते, म्हणून वाचले.

केंद्रातली थेरपिस्ट माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. पहिला अर्धा तास नुसती बोलली: बाळंतपणं, पोट साफ होतं का, चहा किती, रात्री किती वेळा उठता. लघवीतून रक्त गेलं का, दुखतं का, हेही विचारलं. तसं काही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम, असं म्हणाली. मग पडदा ओढला आणि म्हणाली, "काकू, आतून बोटानं तपासावं लागेल. आज नको वाटत असेल तर पुढच्या वेळी करू." मी हो म्हटलं. हातमोजा घालून तिनं तपासलं आणि सांगितलं, "आता व्यायाम करून दाखवा." मी जोर लावला. ती शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही खाली ढकलताय. आत ओढायचंय, वर." मला रडूच आलं. दोन वर्षं रोज मी त्या बिचाऱ्या स्नायूंवर वरून भार टाकत होते.

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. चारचौघांत बसलोय, वारा सुटणार आहे आणि तो अडवायचाय, तसं मागून आवळा. तिथून पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा आणि वर उचला. पोट, मांड्या, कुल्ले सैल. श्वास रोखायचा नाही. चौथ्या-पाचव्या वेळी आत काहीतरी उचललं गेलं, अगदी हलकं. स्नायूंच्या ताकदीच्या शून्य ते पाचच्या मापात तिनं मला दोन दिले.

असं करणारी मी एकटी नाही. मला मुळातून वाचायची सवय आहे, मुलाकडून इंग्रजी शोधनिबंध मागवून घेतले. १९९१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला लावला. नीट जमला तो ४९ टक्के जणींना. २५ टक्के जणी तर गळती वाढेल असंच काहीतरी करत होत्या. ज्यांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो त्या आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला, तेव्हा सोबत दाब मोजणारं उपकरणही दिलं होतं. बाईला आपण बरोबर करतोय का ते दिसलं पाहिजे, हा त्यांचा मूळ मुद्दा. पुढे नाव तेवढं राहिलं आणि मोजणं गळून गेलं. या केंद्रात पैसे कशाचे देते असं कुणी विचारलं तर मी सांगते, त्या तपासणाऱ्या बोटाचे. व्यायाम तर फुकटच आहे.

मशीनबद्दलही मी तिला विचारलं. ती म्हणाली, ज्यांना स्नायू अजिबात हलवता येत नाहीत त्यांना कधी उपयोग होतो, तुम्हाला गरज नाही. नॉर्वेच्या कारी बो यांनी १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेली चाचणी मी वाचली. स्ट्रेस प्रकारच्या १०७ स्त्रिया, चार गट: व्यायाम, विजेचं मशीन, योनीत धरायची वजनं, आणि काहीच नाही. सहा महिन्यांनी व्यायामाचा गट सगळ्यांच्या पुढे होता. त्या बायकाही घरी एकट्या कण्हत बसलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर शिकवणाऱ्यांची नजर होती.

मला दिलेला धडा साधा होता. आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या नाईस संस्थेचंही हेच म्हणणं आहे. सुरुवातीला तीन सेकंद धरता यायचं, शेवटी दहा. पण पहिला खरा फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीनं: खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की त्याच्या आधीच्या क्षणी आवळायचं आणि ते होईपर्यंत सोडायचं नाही. मिशिगन विद्यापीठात जेनिस मिलर आणि जॉन डीलान्सी यांच्या गटानं १९९८ मध्ये हे तपासलं होतं. सरासरी ६८ वर्षांच्या २७ स्त्रियांना एवढी एकच युक्ती शिकवली. आठवड्याभरात मध्यम खोकल्यातली गळती सरासरी ९८ टक्के आणि जोराच्या खोकल्यातली ७३ टक्के कमी झाली. स्नायू बळकट व्हायला आठवडा पुरत नाही; फक्त वेळ साधली. मला दहा-बारा दिवस लागले. एके दिवशी खडूच्या धुळीनं सलग तीन शिंका आल्या आणि मी कोरडी राहिले. बाई मध्येच का थांबल्या, ते मुलांना कळलं नाही.

घाईच्या त्रासावर तिनं तीन दिवसांची वही भरायला लावली: किती प्यायलं, किती वाजता गेलं, किती झाली. मी स्वयंपाकघरातला जुना मापाचा प्लास्टिकचा मग मोरीत ठेवला. वहीत सकाळी उठल्यावर ४०० मिली दिसले आणि दुपारनंतर ८०, ९०, ७०. माझी लघवीची पिशवी लहान झालीय असं मी धरून चालले होते. तीच पिशवी पहाटे ४०० मिली सांभाळत होती. म्हणजे पिशवी नीट होती, सवय बिघडली होती. जाऊन ठेवावं म्हणून जाणं, पाणी तोडणं, आणि चार कप चहा. घट्ट, पिवळ्याधमक लघवीनं पिशवी चाळवते हे मला माहीतच नव्हतं. चहा दोनवर आणला, पाणी शाळेतही सुरू केलं. पंचेचाळीस मिनिटांवर जात होते, ते दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवलं. कळ आली की पळायचं नाही. उभं राहायचं, पाच-सहा वेळा भराभर आवळायचं, कळ ओसरू द्यायची, मग सावकाश चालत जायचं. कुलपाशी हे सगळ्यात अवघड गेलं. सहाव्या आठवड्यात एकदा मी किल्ली हातात धरून दारातच उभी होते आणि समोरच्या वहिनींनी काही हरवलं का विचारलं. काही नाही म्हटलं. आता त्यांनाही सगळं सांगितलंय.

बाराव्या आठवड्याला मापात चार मिळाले. पॅड सुटलं. पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही: सर्दी-खोकला चार दिवस धरून बसला की अजून थेंब पडतो. दिवसाला सात वेळा जाते, रात्री एकदा.

आईला आठवून मला फार वाईट वाटतं. तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर यायचं. ती कापड बांधून शेतात जायची आणि हे माझ्याशी बोलली ती थेट माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर. गोव्याच्या शिरोड्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी त्याच्या कितीतरी आधी मुंबईत अंग बाहेर येण्यावर टेकू देणारी शस्त्रक्रिया केली होती. आमच्या गावापर्यंत त्यातलं काही आलं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये आला: ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आईही कधीच तपासणी न झालेल्या बाकीच्या जणींसारखीच. व्यायामानं पुढे गेलेलं अंग जागेवर येत नाही, हे थेरपिस्टनं स्पष्ट सांगितलं. माझ्या जाऊबाईंना तिनंच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांना अंगाला आतून आधार देणारी सिलिकॉनची रिंग बसवली आणि त्या सुखात आहेत.

आता तक्रारी. स्वागताला बसणारी मुलगी भरल्या खोलीत "काय त्रास आहे?" असं मोठ्यानं विचारते. मी थेरपिस्टला सांगितलं. पुढच्या खेपेला कागदावर लिहून घेतलं, पण त्यानंतर पुन्हा तोंडी. वेळ फक्त अकरा ते दोन, म्हणून मला तीन अर्ध्या रजा टाकाव्या लागल्या. आणि केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर. या दुखण्याच्या बायकांसाठी ही व्यवस्था फारच वाईट आहे आणि ती बदललीच पाहिजे.

पहिल्या भेटीचे ८००, नंतर दर खेपेला ५००. माझ्या बारा आठवड्यांत नऊ भेटी झाल्या. पाचपैकी साडेचार देते, अर्धा जिन्यासाठी कापला. तुमच्या गावात कुणाकडे जाणार असाल तर फोनवरच विचारा: आतून तपासून शिकवता का? नुसता तक्ता देत असतील तर दुसरीकडे बघा. आणि इथे येणार असाल तर जिना चढण्याआधी खालीच जाऊन या, किल्ली शेजारच्या मेडिकलवाल्याकडे असते.