अमेरिकेचा साहित्यवर्ग, बोरिवलीची रात्र: सात-आठ महिने वापरून झाल्यावर

मुंबईत जवळजवळ प्रत्येक जुन्या चर्चच्या आवारात शाळा आहे. अशा शहरात कॅथलिक घरातली मुलगी शाळेत न जाता घरी शिकते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "का, ॲडमिशन नाही मिळाली?" दुसरा प्रश्न सहसा मिस्सानंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, चर्चच्या पायऱ्यांवर येतो आणि तो जरा खालच्या आवाजात असतो. आम्ही बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत राहतो, मूळचे वसईचे. मुलगी सातवीनंतर घरी शिकते, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, देणार आहे. आई-वडील हेच मुलांचे पहिले शिक्षक, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्येच म्हणून ठेवलंय, एवढं उत्तर मी आता तयार ठेवलेलं आहे. बाकी कारणं हा वेगळा विषय. इथे फक्त तिच्या ऑनलाइन साहित्यवर्गाबद्दल लिहिते, कारण 'घ्यावा का' असं विचारणारे फोन मला बरेच यायला लागलेत.

वर्ग अमेरिकेतल्या एका कॅथलिक संस्थेचा आहे. तिकडे घरी शिकणाऱ्या कॅथलिक मुलांची संख्या मोठी, त्यामुळे असे वर्ग चालवणाऱ्या संस्थाही बऱ्याच आहेत. साचा साधारण सारखाच असतो, म्हणून नावात न शिरता लिहिते. आठवड्यातून एकदा दीड तास झूमवर. दहा-बारा मुलं, वय चौदा ते सतरा. ठरलेला भाग घरी वाचून यायचा, प्रश्न दोन दिवस आधी येतात. वर्गात शिकवणं जवळजवळ नाहीच, नुसती चर्चा. सत्राला दोन निबंध.

मत आधीच सांगून टाकते: पैसे वसूल झाले, पण ज्या कारणासाठी भरले त्या कारणासाठी नव्हे. आम्ही भरले ते 'कॅथलिक' या शब्दाकडे बघून. आपल्या वयाची, आपल्या श्रद्धेची चार मुलं भेटतील, वातावरण चांगलं असेल, एवढाच हिशेब. मैत्री फारशी झाली नाही. खासगी चॅट बंद असतं (बरोबरच आहे), आणि वर्ग संपला की सगळे खटाखट बाहेर. मिळालं ते भलतंच. पोरगी पान वाचायला शिकली.

पहिले काही आठवडे ती गप्प होती. उच्चार कळायचे, पण बोलायची गाडी एवढी जोरात असायची की हिचं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. सरांनी तिला नाव घेऊन उभं केलं नाही. तिनं चॅटमध्ये एक ओळ टाकली की ते ती मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, पुस्तकात कुठे दिसलं हे तुला? मग पान सांगावं लागायचं. पान सांगायला तोंड उघडावं लागायचं. अशी ती बोलती झाली.

'पुस्तकात कुठे?' हा त्या सरांचा एकच हुकमी प्रश्न. ग्रीक नाटक 'ॲन्टिगनी' चालू असताना कुणी म्हणालं, ॲन्टिगनी हट्टी आहे, की पुस्तकात कुठे? तिला शिक्षा देणाऱ्या राजा क्रेऑनचीही बाजू आहे, की पुस्तकात कुठे? आता हा रोग आमच्या घरात पसरलाय. तिचे पप्पा जेवताना सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल काही बोलले की ही शांतपणे विचारते, "पप्पा, पुरावा?" आजीला हे मुळीच आवडलेलं नाही.

कॅथलिकपणाचं म्हणाल तर सुरुवातीला क्रुसाची खूण, एक छोटी प्रार्थना, मिनिटभरात संपतं. पुस्तकांत संतचरित्रं नाहीत, आणि ज्यांना ती हवीत त्यांनी दुसरा वर्ग बघावा. फ्लॅनरी ओ'कॉनरची 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' ही कथा होती. लेखिका पक्की कॅथलिक, आणि कथेत सहलीला निघालेलं अख्खं कुटुंब एक पळालेला कैदी आणि त्याचे साथीदार गोळ्या घालून संपवतात. आजीबाई शेवटच्या क्षणी त्या कैद्याला 'तूही माझंच लेकरू' म्हणून हात लावते आणि तो तिला मारतो. देवाची कृपा इथे नेमकी कुठे आहे, यावर दीड तास. माझी मुलगी त्या रात्री लवकर झोपली नाही. चौदाच्या खालच्या मुलाला मी हा वर्ग देणार नाही.

पण वर्ग काय असतो हे मला कळलं ते शुसाकू एंडोच्या 'सायलेन्स'च्या वेळी. कादंबरी १९६६ची, जपानी, काळ सतराव्या शतकातला. ख्रिस्ती धर्मावर बंदी आलेली, जेझुइट या कॅथलिक संघाचा पोर्तुगीज धर्मगुरू चोरून जपानमध्ये शिरतो. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांपुढे ख्रिस्ताची प्रतिमा ठेवतात: तिच्यावर पाय दे आणि सुट. त्यात किचिजिरो नावाचा एक माणूस आहे, जो पाय देतो, फितूर होतो, आणि पुन्हा पुन्हा त्याच फादरकडे कन्फेशनला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, येतो. पुस्तक सुरू करायच्या आधी पालकांना ईमेल आला होता: विषय अवघड आहे, कुणाला नको असेल तर दुसरं पुस्तक देऊ. हे मला आवडलं. दोन घरांनी दुसरं पुस्तक घेतलं म्हणे, तेही आवडलं.

मी त्या दिवशी बाजूच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते, दार उघडं. एक अमेरिकन मुलगा म्हणत होता की किचिजिरोला माफी देण्यात अर्थ नाही, तो परत तेच करणार. कुणीतरी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला, पेत्रानं येशूला विचारलेला प्रश्न काढला, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? सरांचं ठरलेलं: त्याला खरंच वाईट वाटतं हे पुस्तकात कुठे? पानं उलटल्याचे आवाज. मग आमची बोलली. म्हणाली, आमच्या वसईचा एक माणूस नागासाकीला क्रुसावर मेला. या कादंबरीतल्या काळाच्या चाळीसएक वर्षं आधी.

वर्ग गप्प. तिथल्या कुणालाही हे नाव माहीत नव्हतं, सरांनाही नाही. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, जपानमध्ये आधी व्यापारी, भाषा उत्तम यायची, पुढे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला पंचवीस जणांबरोबर नागासाकीला क्रुसावर चढवला, १८६२ मध्ये संत झाला. वसईतल्या गासच्या चर्चला त्याचं नाव आहे. हे सगळं तिनं अडखळत सांगितलं, आणि मग जे विचारलं ते मी शिकवलेलं नव्हतं. म्हणाली, माझी आजी गोन्सालोच्या सणाला जाते, मेणबत्ती लावते. पण या पुस्तकातल्या फादर रॉड्रिग्जनं गोन्सालोसारखं मरायचं ठरवलं तर दुसरी माणसं मरणार आहेत. त्यानं पाय दिला, तर त्याच्यासाठी मेणबत्ती कोण लावणार?

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी तोच प्रश्न निबंधाचा विषय म्हणून सगळ्यांना दिला. (त्या मुलांना 'रॉड्रिग्ज' म्हणताना परका वाटत असावा. आमच्या बिल्डिंगच्या पाटीवर तीन रॉड्रिग्ज आहेत.)

तिच्या निबंधावर शेरे आले ते बघण्यासारखे होते. 'किचिजिरो म्हणजे यहूदा' (येशूला पकडून देणारा शिष्य) असं वाक्य होतं, त्याच्या बाजूला सरांनी लिहिलं होतं: यहूदा परत आला होता का, आणि कुणाकडे? व्याकरणाच्या चुका नुसत्या खुणेनं दाखवलेल्या, दुरुस्त करून दिलेल्या नव्हत्या. एनआयओएसच्या इंग्रजीच्या पेपरला याचा थेट उपयोग शून्य आहे. या वर्गाच्या गुणपत्रकालाही इथे कुणी विचारत नाही. शिवाय एनआयओएसची एक परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, म्हणजे या वर्गाच्या पहिल्या सत्राच्या ऐन मध्यावर. ज्यांचं मूल त्या वेळी पेपर देणार असेल त्यांनी दुसऱ्या सत्रापासूनच घ्यावं.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी वेळेची. आमचा वर्ग न्यूयॉर्कच्या सकाळी अकराचा, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि तोच वर्ग साडेनऊचा होतो. संपेस्तोवर अकरा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेआठ. संस्थेच्या वेळापत्रकात हे कुठेही नसतं, त्यांच्या दृष्टीनं वेळ बदललेलीच नाही. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात तेव्हा आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक खिडकीखालून जात असते. माईक सुरू केला की अख्ख्या वर्गाला ढोल-ताशा. बांद्र्याच्या जत्रेचा आठवडाही त्याच सुमाराला येतो, आणि मामाकडच्या सगळ्यांबरोबर माउंट मेरीला जायचं की मॅकबेथ, यावर आमच्याकडे रडारड झाली. मॅकबेथ हरला.

वर्ग बुडला तर रेकॉर्डिंग मिळत नाही. मुलांच्या सुरक्षेसाठी ते बाहेर देत नाहीत म्हणे. कारण पटतं, पण भर पावसात नेट गेलं की दीड तास गेला तो गेलाच. फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवायला लागतो. एकदा सर आजारी होते, बदली शिक्षक आले, आणि त्यांनी पाऊण तास प्रवचन दिलं. पोरं कॅमेऱ्यात डोळे उघडे ठेवून झोपली. सगळा वर्ग शिक्षकावर उभा आहे, हे तेव्हा कळलं. म्हणून संस्था कुठली यापेक्षा वर्ग कोण घेणार ते विचारा, आणि नमुन्याचा एक वर्ग बसून बघू देतात का तेही विचारा.

पुस्तकांचं: यादीतली आवृत्ती मागवायला गेलात तर आयात किंमत पडते. फोर्टच्या किताबखान्यात किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर बरंच मिळतं, पण मग पान जुळत नाही, आणि या वर्गात पान हेच हत्यार. शेक्सपिअरला अडचण नाही, अंक-प्रवेश-ओळ सांगता येते. कादंबरीला प्रकरण आणि 'तिसरा परिच्छेद' असं सांगून चालतं. ॲन्टिगनीसारख्या भाषांतरित नाटकाला मात्र तेच भाषांतर घ्या. आम्ही नेटवरचं जुनं फुकट भाषांतर घेतलं तर ओळीच वेगळ्या निघाल्या. फी डॉलरमध्ये, आणि कार्डानं भरली की बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. सत्राची एकरकमी भरली तर हप्त्यांपेक्षा बरी पडते, निदान आमच्या संस्थेत.

यादीबद्दल माझं भांडण आहे आणि ते मी त्यांना लिहूनही कळवलंय. ग्रीस, इंग्लंड, अमेरिका, आणि आशियाच्या नावानं एक जपानी. १६१६ साली शेक्सपिअर वारला. त्याच वर्षी गोव्यात राचोलला त्याचाच समकालीन इंग्रज, जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून झालं, तेही रोमन लिपीत. कॅथलिक साहित्याचा वर्ग घेणाऱ्यांना एवढं तरी माहीत असावं. उत्तर सभ्य आलं, 'सूचनेबद्दल आभार' छापाचं. तेव्हा ते काम घरी. उपवासकाळात रविवारी दुपारी आजोबा आणि नात ख्रिस्तपुराणातल्या ओव्या वाचतात. आजोबा चालीवर म्हणतात, नात मध्येच अडवते, "पण आजोबा, मरियेला दुःख झालं हे ओवीत कुठे?" आजोबा चष्मा काढून शोधायला लागतात. सापडलं की दोघं खूश, नाही सापडलं की आजोबांच्या मते छपाईची चूक.

पुढच्या वर्षी परत घेतोय, पण तेच सर असतील तरच, आणि न्यूयॉर्कच्या सकाळी नऊचा वर्ग, जो आपल्याकडे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात पडतो. तो सगळ्यात आधी भरतो, कारण युरोप आणि आखातातले पालकही त्याच्याच मागे असतात. नोंदणी उघडल्याच्या रात्री जागं राहायची तयारी ठेवा.