सैल हेड म्हणजे गोल आवाज नव्हे: मोठ्या किटवरचे सात महिने

ड्रम किट सेकंडहँड, मेपलच्या शेलचं (शेल म्हणजे ड्रमचा लाकडी सांगाडा). २४ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १३ इंची रॅक टॉम (वर अडकवलेला), १६ आणि १८ इंची फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभे). घेताना कानात एकच आवाज होता: गोल, भरीव, खाली घुमत राहणारा, ज्याला ड्रमर मंडळी 'वॉर्म' म्हणतात. घरी आणून मांडलं, वाजवलं, तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारावी तसं भद्द.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. ड्रम मोठा, आवाज खालचा हवा, म्हणजे हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, सैल सोडायचं. १८ इंचीचं हेड इतकं उतरवलं की कडेला सुरकुत्या दिसायला लागल्या. काठी त्यात रुतायची, परत उसळायचीच नाही. वर एक विचित्र 'वॉव-वॉव' गुंजन. ते मारायला हेडवर चिकटणारं जेल लावलं, जेलने भागेना म्हणून टेप, शेवटी घडी घातलेला टॉवेल. स्टुलावर बसून ऐकताना बरं वाटायचं. एकदा फोन खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं: नुसतं थप्प, थप्प. स्वर गायब. दोन महिने मी आवाज घडवत नव्हतो, गाडत होतो.

त्या 'वॉव-वॉव'चं कारण नंतर कळलं. गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या सरळ पटीत नसतात. पहिला साधारण १.५९ पट, पुढचा २.१४ पट. तबल्यावर शाई हे गणित जुळवून आणते, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये त्यावर लिहिलं होतं. किटवर शाई नाही. त्यात ताण सगळीकडे सारखा नसेल तर एकाच वरच्या स्वराचे दोन जवळजवळचे तुकडे पडतात आणि एकमेकांवर आपटत राहतात. म्हणजे टॉवेलने मी झाकत होतो ती माझीच वाकडी ट्यूनिंग.

खरा उलगडा १६ इंची उलटा केल्यावर झाला. खालच्या हेडकडे मी तोवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पिवळं पडलेलं, मध्ये खळगा, कोण जाणे किती वर्षांचं. दोन्ही हेड काढली. शेलची कड कापडाने पुसली, त्यावरून बोट फिरवलं, सपाट ओट्यावर शेल पालथा ठेवून आत टॉर्च लावला. कुठूनही उजेड बाहेर येत नव्हता, जीव भांड्यात पडला. नवं हेड बसवलं, सगळे बोल्ट आधी बोटांनीच, मग चावीने समोरासमोरचे अर्धा अर्धा फेरा. तळहाताने मध्ये दाबून हेड बसतं केलं. मग मध्यावर एक बोट हलकं टेकवून प्रत्येक लगपासून (कडेला बोल्ट बसतो ती जागा) इंचभर आत टिचकी. आठपैकी सात जवळपास एका सुरात, चौथा मात्र बसका. चावी घट्ट लागत होती, स्वर चढत नव्हता. बोल्ट काढला तर खाली वॉशरच नाही. धातूवर धातू घासून अडकत होता आणि सगळा जोर तिथेच खर्ची पडत होता. नायलॉनचा वॉशर, ग्रीसचा एक थेंब, आणि चौथा लग बोलायला लागला. चावीला लागणारा जोर हा ताणाचा पुरावा नाही, हे मला एका वॉशरने शिकवलं.

आता हेडबद्दल. टॉमवर वर कोटेड (लेप दिलेलं) एम्परर आणि खाली क्लिअर (बिनलेपाचं) अँबॅसडर, दोन्ही रेमो कंपनीची. एम्पररमध्ये ७ मिलचे दोन थर असतात, अँबॅसडर १० मिलचा एकच थर (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). वरच्या जाडीमुळे काठीचा टणत्कार कमी होतो, कोटिंग त्याची धार अजून बोथट करतं, आणि खालचं पातळ हेड मोकळेपणाने घुमतं. मला हवी होती ती गोलाई या जोडीत आहे. मध्ये महिनाभर पिनस्ट्राइप लावून पाहिलं. त्यात दोन थरांमध्ये कडेला गोंद असतो, त्यामुळे वरचे स्वर लवकर मरतात. जोरात वाजवताना छानच, पण हळू वाजवलं की ड्रम झोपतो. माइक लावून मोठ्याने वाजवणाऱ्याला ते आवडेल, मला नाही.

खालचं हेड वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवतो. दोन्ही एका सुरात लावली की आस, म्हणजे ठोक्यानंतरचं घुमणं, सगळ्यात लांब मिळते, पण १८ इंचीवर ती इतकी लांबते की पुढचा ठोका तिच्यात बुडतो. सध्या १३ साधारण ११० हर्ट्झवर, १६ ८२ वर, १८ ६५ वर. १६ ला षड्ज धरला तर १३ बरोबर मध्यमावर येतो, त्यामुळे वरून खाली रोल घेतला की कानाला चाल लागते. आणि गंमत म्हणजे हा १८ माझ्या त्या सुरकुतलेल्या १८ पेक्षा चढा आहे, तरी ऐकायला जास्त खालचा वाटतो, कारण आता त्याला स्वर आहे.

फ्लोअर टॉमच्या पायांखाली फोमचे तुकडे ठेवले. फुकटातला सगळ्यात मोठा फरक. कडक फरशीवर पाय रोवले की घुमारा तिथेच अडतो.

किकने सगळ्यात जास्त छळलं. वाजवायच्या बाजूला कोटेड पॉवरस्ट्रोक ३ आहे, १० मिलचा थर आणि कडेला आतून पातळ पट्टी. पुढचं हेड बिनभोकाचं, आतून फेल्टची एकच पट्टी, उशी वगैरे काही नाही. बीटरही (पेडलचा हातोडा) फेल्टचा. हवा आत कोंडलेली असल्याने आवाज गोल आणि लांब येतो, पण तीच हवा बीटरला मागे ढकलते. बीटर हेडवर दाबून धरायची माझी जुनी सवय होती. दाबला की तो थरथरून दोन-तीनदा आपटायचा. पाय सुधारायला सहा आठवडे लागले. ज्यांना टोकदार, छातीवर आदळणारी किक हवी त्यांनी भोकाचं हेडच घ्यावं.

तक्रारी आहेतच. काठी पडते तिथलं कोटिंग तिसऱ्या महिन्यात उडायला लागलं आणि त्या जागी टणत्कार परत डोकावतो. ब्रशने वाजवायचं तर दोन थरांचं हेड जड पडतं, बारकावे उमटत नाहीत. १८ इंचीचे माझ्या बाजूचे दोन लग दर आठवड्याला सैल होतात, कमी ताणावर हे चालायचंच. वाजवायच्या आधी चावी फिरवणं आता हाताच्या सवयीचं झालंय. १३ वाजला की शेजारच्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा किणकिणतात. टॉम अर्धा स्वर उतरवून पाहिला, किणकिण गेली पण रोलची चाल मोडली, म्हणून परत चढवला आणि किणकिण चालवून घेतो.

१८ चं वरचं हेड बदलायला झालंय. पुन्हा कोटेड एम्पररच घेणार आहे. टॉवेल मात्र न्हाणीघरात परत गेलाय.