जुनं आउटबोर्ड दुरुस्त करायचं, की बदलायचं? खाडीतल्या छोट्या होडीसाठी तुलनात्मक आढावा

कोकणातल्या खाड्यांत १८ ते २२ फुटी फायबरची होडी आणि तिच्या मागच्या फळीवर ९.९ किंवा १५ एचपीचं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारं) आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवलेलं इंजिन, ही जोडी सगळीकडे दिसते. इंजिन जुनं झालं की दोरी ओढून खांदा भरून येतो तरी चालू होत नाही, नाहीतर नेमकं मुखाशी, लाटांत आल्यावर बंद पडतं. मग बंदरावर चार सल्ले मिळतात: कार्बुरेटर साफ कर, बोअर मारून (सिलिंडर कातून मोठा करून) घे, सेकंडहँड बघ, नाहीतर सरळ फोर-स्ट्रोक (ज्यात ऑइल वेगळं भरतात) घे. चारही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमच्यासाठी त्यातला कुठला, हे कॉम्प्रेशन गेजवरचा (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरवरचा) आकडा आणि इंजिन वर्षाला किती तास चालतं यावर ठरवा. मिस्त्रीच्या मूडवर नको.

आधी बघा, बंद कसं पडतं

हळूहळू मंदावत, धापा टाकत बंद पडलं तर दोष बहुधा पेट्रोलच्या वाटेवर असतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तरी पाच-दहा मिनिटांत हेच होतं, म्हणून आधी तो सैल करा. पाइपमधला रबरी हातपंप चपटा होऊन तसाच राहत असेल, तर अडथळा टाकी आणि हातपंप यांच्या मध्ये आहे. हातपंप दाबत राहिल्यावर इंजिन सावरत असेल, तर फ्युएल पंपाचा पडदा गेलाय किंवा एखाद्या जोडातून हवा ओढली जातेय. चोक ओढून ठेवल्यावरच चालत असेल, तर कार्बुरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तुंबलेत. मंद गतीवर नीट आणि थ्रॉटल दिल्यावर मरतं, तर मेन जेट. उलट असेल तर स्लो जेट.

स्विच दाबल्यासारखं झटकन बंद पडलं, तर ठिणगी बघा. इथे सर्वांत आधी संशय घ्यायचा तो स्टॉप स्विचवर. खाऱ्या पाण्याने तो आतून गंजतो आणि इंजिन स्वतःच बंद करत राहतो. त्याची वायर तात्पुरती सुटी करून बघा. मात्र तशा अवस्थेत इंजिन थांबवायला चोक ओढावा लागेल, हे आधी लक्षात ठेवा. गार असताना उत्तम, अर्ध्या तासाने बंद आणि वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, असं होत असेल तर इग्निशन कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापल्यावर दगा देतंय. हे पकडायचं तर बंद पडल्यापासून पहिल्या दोन मिनिटांत ठिणगी तपासावी लागते. किनाऱ्यावर आणून गार झाल्यावर तपासलं, तर सगळं ठीकच दिसणार.

तिसरा प्रकार सर्वांत महागडा: इंजिन जड होत जातं, आवाज बदलतो आणि मागून पडणारी पाण्याची धार बारीक किंवा बंद झालेली असते. त्या क्षणी थांबवा. दोन मिनिटं जास्त चालवलं तरी पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो.

निर्णय ठरवणारी चाचणी

इंजिन कोमट असताना दोन्ही प्लग काढा. प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून ठेवा. मोकळ्या ठेवल्या तर सीडीआय जळू शकतं. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावा आणि काटा थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा वेळा, दोरी ओढा. छोट्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण ९० ते १२० पीएसआय अपेक्षित असतं, पण आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक जास्त बोलतो. १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर इंजिन आतून धड आहे. १५ टक्क्यांच्या वर गेला, तर कार्बुरेटर कितीही वेळा साफ केलं तरी दुखणं जाणार नाही.

पर्याय पहिला: आहे तेच मार्गावर आणणं

कॉम्प्रेशन चांगलं असेल तर बाकी काही बघू नका, हेच करा. पेट्रोलचा सगळा पाइप हातपंपासकट बदला, टाकीतली जाळी धुवा, टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. कार्बुरेटर पूर्ण उघडून क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग प्लग कायम काळे. फारच अडलं असेल तर जाळ्याचा नायलॉन धागा चालतो. प्लग पुस्तिकेत दिलेलेच घ्या. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी -१० असेल, तर गॅप १ मिमी.

पाणीपंपाचा इंपेलर खाडीत वर्षाला एकदा बदलायचाच. गाळ आणि वाळू त्याच्या रबरी पाकळ्या झिजवतात. पाकळी तुटलेली सापडली तर तुकडा शोधून काढा, नाहीतर तो वरच्या वाटेत जाऊन बसतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पंख्याच्या शाफ्टचं सील गेलंय. जाळी मारणाऱ्यांच्या होड्यांत याचं कारण बहुतेकदा पंख्यामागे गुंडाळलेला नायलॉनचा दोरा असतो, तेव्हा पंखा महिन्यातून एकदा काढून बघा. ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. १५ एचपीला साधारण पाव लिटर लागतं. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे घाला.

आणि पेट्रोल. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं, तर बहुतेक आउटबोर्डांच्या पुस्तिकेत मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतली नळी तळाशीच असते. म्हणजे इंजिनाला ऑइल नसलेलं पाणीमिश्रित अल्कोहोल मिळतं आणि पिस्टन घासतो. पेट्रोल आठवड्यापुरतंच आणा, ऑइल घालून महिनाभर ठेवू नका, आणि होडी आठ दिवस उभी राहणार असेल तर कार्बुरेटरची वाटी रिकामी करा. ‘अचानक बिघडली’ म्हणून आणलेल्या इंजिनांपैकी बऱ्याच जणांचा आजार एवढाच असतो.

ऑइल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने गार होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच्या) दर्जाचं, ५०:१ प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलि, पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर. मोटरसायकलचं टू-टी ऑइल स्वस्त पडतं, पण ते हवेने गार होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं. त्यातली राख इथे प्लगवर आणि रिंगांत साचते.

पर्याय दुसरा: बोअर, पिस्टन, रिंगा

एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं असेल तर हा मार्ग. पण दोन अटी. पिस्टन कंपनीचा, ओव्हरसाइज (मूळपेक्षा मोठ्या) मापात मिळाला पाहिजे, आणि काम करताना क्रँकची दोन्ही सील व सगळी गॅस्केट बदललीच पाहिजेत. सील गळत असेल तर इंजिन तिथून हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही पुन्हा धरतो. सिलिंडरच्या कामाआधी हे बघा: ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा मिठाने किती खाल्ल्या आहेत? हेडचे बोल्ट उघडताना तुटले, ॲल्युमिनियम भुसभुशीत निघालं, तर तिथेच थांबा. अशा ब्लॉकवर घातलेला पैसा परत येत नाही.

पर्याय तिसरा: सेकंडहँड

आकर्षक, आणि सर्वांत फसवा. इंजिन गार असतानाच बघायला जा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर कारण विचारा. कॉम्प्रेशन स्वतः घ्या. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतलं की आकडा फुगतो, म्हणून प्लग काढल्यावर आत चिकट ओल आहे का बघा. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू तुमच्यासमोर सैल करायला लावा. पहिले थेंब पाण्याचे निघाले तर किंमत तिथेच बदलते. फोर-स्ट्रोक बघत असाल तर एक खोच: छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी लागावी म्हणून स्वयंचलित डीकॉम्प्रेशन (आतला दाब थोडा सोडणारी सोय) असतं, त्यामुळे दोरी ओढून घेतलेला आकडा कमीच येतो. त्यावरून इंजिन नाकारू नका.

पर्याय चौथा: नवं. पण टू की फोर?

| | टू-स्ट्रोक, १५ एचपी | फोर-स्ट्रोक, कार्बुरेटर | फोर-स्ट्रोक, ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन फवारणी) |
|---|---|---|---|
| वजन | सुमारे ३६ किलो | सुमारे ५० किलो | ४५ किलोच्या आसपास |
| ऑइल | प्रत्येक लिटर पेट्रोलमागे २० मिलि | दर १०० तासांनी सुमारे १ लिटर | तेवढंच |
| घाण पेट्रोल | बऱ्यापैकी सहन करतं | स्लो जेट लगेच तुंबतो | फिल्टरशिवाय अजिबात नाही |
| बंदरावर दुरुस्ती | बहुतेक ठिकाणी | मर्यादित | डीलरकडे |

सगळ्यात कमी विचार होतो तो मधल्या रकान्याचा. कार्बुरेटरवालं फोर-स्ट्रोक घेऊन ‘टू-स्ट्रोकपेक्षा भरवशाचं’ म्हणून समाधान मानलं जातं, पण त्याचा स्लो जेट इतका बारीक असतो की महिनाभर उभ्या राहिलेल्या पेट्रोलने तो हमखास चिकटतो. इंजिन अधूनमधूनच वापरणाऱ्याने ते टाळावं. आता बॅटरी नसतानाही दोरीने चालू होणारी ईएफआय इंजिनं मिळतात. फोर-स्ट्रोक घ्यायचंच तर तेच घ्या, आणि वायरीच्या प्रत्येक जोडावर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा.

खर्चाचा हिशोब तासांवर करा. समजा रोज दोन तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे ४०० तास. मध्यम गतीला टू-स्ट्रोक तासाला ४ लिटर आणि ईएफआय २.७ लिटर पीत असेल, तर वर्षाला ५२० लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला १०४ रुपये धरले तर साधारण ५४ हजार. शिवाय टू-स्ट्रोकला १६०० लिटरमागे ३२ लिटर ऑइल लागणार, फोर-स्ट्रोकला सुमारे ४ लिटर. एवढं चालणाऱ्या होडीला फोर-स्ट्रोकची जास्तीची किंमत वसूल होते. वर्षाला ६०-७० तासच चालणार असेल, तर होत नाही. तुमचा खरा खप काढायला टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या मार्गावर एक तास चालवा आणि मापाने पुन्हा काठोकाठ भरा.

वजन मात्र कागदावर वाटतं त्यापेक्षा जास्त छळतं. १८ फुटी होडीच्या शेपटीला १०-१५ किलो वाढलं की सुकाणूवाला आणि टाकी मिळून मागची बाजू दबते, आणि फळी आधीच मऊ असेल तर तडे जातात. रोज इंजिन उतरवून खांद्यावरून घरी नेणाऱ्याला टू-स्ट्रोकच बरं. फोर-स्ट्रोक आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेली बाजूच खाली हवी, नाहीतर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

इलेक्ट्रिक मोटरचंही विचारलं जातं. १.१ किलोवॉटची, ९१५ वॉट-तास बॅटरीची मोटर पूर्ण जोरात ५० मिनिटंच चालते. शांत पाण्यात पर्यटक फिरवायला ठीक. ओहोटीचा ओढ असलेल्या मुखाशी नको.

घेताना आणि नंतर

शाफ्टची लांबी मागच्या फळीच्या उंचीवरून ठरते: १५ इंचाला शॉर्ट, २० इंचाला लाँग. चुकीची घेतली तर पंखा हवा ओढतो, किंवा विनाकारण खोल जाऊन गाळ खणतो. घेण्याआधी त्या मॉडेलचा इंपेलर आणि कार्बुरेटर किट जवळच्या दुकानात शेल्फवर आहे का ते विचारा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं, तर दोन इंपेलर इंजिनासोबतच घ्या.

मोठं काम काढायचं तर १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत काढा. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात सगळ्या मिस्त्रींकडे रांग असते. पावसाळ्यात ठेवताना गोड्या पाण्याच्या पिंपात १० मिनिटं चालवा, पेट्रोलचा पाइप काढून कार्बुरेटर कोरडं होऊ द्या, प्लगच्या भोकात थोडं ऑइल घालून दोरी दोनदा हळू ओढा.

नव्या टू-स्ट्रोकला पहिले १० तास ऑइल दुप्पट, लिटरला ४० मिलि, आणि सलग पूर्ण थ्रॉटल नाही. नव्या फोर-स्ट्रोकचं पहिलं ऑइल २० तासांनीच बदला.